आलेख जुळतो तेव्हा

साथीच्या रोगांचं गणित शिकायला लागलं की पहिल्या काही तासांतच मुंबईच्या प्लेगचा एक आलेख समोर येतो. आडव्या रेषेवर आठवडे, उभ्या रेषेवर त्या त्या आठवड्यातले मृत्यू. १७ डिसेंबर १९०५ला सुरुवात, २१ जुलै १९०६ला शेवट. ठिपके आधी रेंगाळतात, मग झपाट्याने चढतात, एप्रिलच्या मध्याला माथा गाठतात आणि चढले तसेच उतरतात. या ठिपक्यांमधून एक वक्ररेषा काढलेली आहे. ती इतकी नेमकी बसते की बघणाऱ्याला वाटावं, साथीचं मर्म कुणाच्या तरी हाती लागलं.

ती रेषा विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांची. एडिंबरातल्या या दोघांचा निबंध १९२७ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. केरमॅक मूळचे रसायनशास्त्रज्ञ. १९२४मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली, म्हणजे हा निबंध लिहिताना त्यांना ना समीकरण दिसत होतं ना आलेख. मॅकेंड्रिक डॉक्टर, इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये बरीच वर्षं होते, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केलं होतं. दोघांची मांडणी बारावीचं कॅल्क्युलस पक्कं असलेल्या मुलाला समजावता येते. वस्तीचे तीन भाग करायचे: ज्यांना लागण होऊ शकते ते, ज्यांना झालेली आहे ते, आणि जे बरे होऊन किंवा दगावून साखळीतून बाहेर पडले ते. पहिल्या भागातली माणसं दुसऱ्यात किती वेगाने जातात आणि दुसऱ्यातली तिसऱ्यात किती वेगाने, हे समीकरणात लिहिलं की साथ का चढते आणि सगळं गाव आजारी पडायच्या आधीच का ओसरते, ते कळतं. कोविडच्या दिवसांत टीव्हीवर जी भाकितं ऐकली, त्यांतल्या अनेकांचं मूळ इथे आहे.

माझं आजोळ परळचं. हाफकिन इन्स्टिट्यूटच्या भिंतीवरून आमचं रोजचं जाणं-येणं असे. जुन्या गव्हर्नमेंट हाउसची ती वास्तू; १८९९मध्ये प्लेगची प्रयोगशाळा तिथे आली. ब्रिटिशांच्या प्लेग कमिशनच्या काळात शहरभरातून पकडून आणलेले उंदीर तिथे टेबलावर यायचे, त्यांच्यावर गल्ली आणि घर लिहिलेली चिठ्ठी असायची आणि प्रत्येकाची चिरफाड करून नोंद व्हायची. आजीकडे तिच्या सासऱ्यांच्या तोंडून आलेली एक आठवण होती: घरात उंदीर पडले, म्हणजे मरून पडू लागले, की चूल विझवायची आणि माणसांनी माळावर झोपडी घालून राहायचं. साहेबाच्या कमिशनने सांगायच्या आधीपासून लोकांना हे ठाऊक होतं.

एम.एस्सी.ला असताना आमच्या सरांनी तो आलेख फळ्यावर काढला आणि म्हणाले, "रेषेखालची बेरीज करा." सूत्र निबंधात दिलेलंच आहे, माथ्यावर आठवड्याला ८९०, आणि तो माथा सतराव्या आठवड्यात. बेरीज जवळपास ८,९०० आली. सरांनी शेजारी मुंबईची तेव्हाची लोकसंख्या लिहिली, साधारण दहा लाख. मग विचारलं, "शंभरात एक माणूसही गेलेलं नाही. मग लागण होण्याजोगी माणसं संपली म्हणून साथ ओसरली, असं या आलेखावरून कसं म्हणायचं?" वर्गात कुणाला उत्तर देता आलं नाही. पुढच्या वर्षी त्याच महिन्यांत प्लेग परत आला होता, त्याच्या पुढच्या वर्षीही आला होता. साथ उतरत होती ती उंदीर मरून कमी झाले म्हणून, उन्हाळा कडक झाला की पिसवा टिकेनात म्हणून. माणसांच्या तीन भागांत हे काहीच नव्हतं. तरी रेषा जुळली होती.

केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांना हे माहीत नव्हतं असं नाही. माणसातला प्लेग ही उंदरांतल्या प्लेगची पडछाया आहे, आपली गृहीतकं काटेकोर खरी नाहीत आणि हे आकडे अगदी ढोबळ समजावेत, असं त्यांनी निबंधातच लिहून ठेवलं आहे. पाठ्यपुस्तकांनी आलेख उचलला आणि ती वाक्यं मागे राहिली. २०१२मध्ये निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने ऋतू आणि उंदीर दोन्ही धरून मुंबईच्या प्लेगचं गणित नव्याने मांडलं, तेव्हा कुठे पंचाऐंशी वर्षांचा तो हिशोब पुरा झाला.

सरांचा तो प्रश्न मला नोकरीत रोज उपयोगी पडतो. आमचा गट लहान आहे: दोन गणितातले, एक हवामानशास्त्रातली, एक साथरोगतज्ज्ञ डॉक्टर आणि प्रोग्रॅमिंग करणारी तीन-चार तरुण मुलं. काम डेंग्यूचं. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मध्यम शहराच्या महापालिकेसाठी आम्ही असं मॉडेल करतो, की पावसाळ्यात कुठल्या प्रभागात रुग्ण वाढणार हे काही आठवडे आधी सांगता यावं.

डेंग्यू हा गणितवाल्यांना खुणावणारा रोग आहे, कारण त्यात प्रत्येक पायरीला घड्याळ लावता येतं. एडिस इजिप्ती डासाचं अंड्यापासून डासापर्यंतच्या प्रवासाचं गणित उबदार हवेत आठ-दहा दिवसांचं. आजारी माणसाला चावलेली मादी लगेच रोग देत नाही. विषाणू तिच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला २५ ते २८ अंश तापमानात आठ ते बारा दिवस लागतात, हवा आणखी गरम असली तर कमी. मग ती चावल्यावर माणसाला ताप यायला चार ते दहा दिवस. या सगळ्यात कळीचा आकडा कुठला, हे १९५०च्या दशकात जॉर्ज मॅकडोनल्ड यांनी मलेरियाच्या संदर्भात दाखवून दिलं: रोज किती डास जगतात. समजा रोज शंभरातले नव्वद डास दुसरा दिवस बघतात. मग विषाणू तयार व्हायला लागणारे दहा दिवस शंभरातले पस्तीस डास पार करतात. रोज नव्वदऐवजी ऐंशीच जगले, तर दहा दिवसांनी उरतात जेमतेम अकरा. रोजच्या जगण्यात एवढासा फरक, आणि रोग देऊ शकणारे डास एक तृतीयांशावर. त्याआधी रोनाल्ड रॉस यांनी, डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधणाऱ्या त्याच रॉस यांनी, गणितानेच सांगितलं होतं की रोग थांबवायला शेवटचा डास मारावा लागत नाही, एका मर्यादेखाली संख्या आणली की पुरे. साधी बेरीज-गुणाकार करून माणसं वाचवण्याचा रस्ता सापडतो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा जे वाटलं त्यामुळेच मी या विषयात राहिले.

हवामानाचा संबंधही खरा आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानसंस्थेतल्या सोफिया याकोब, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या डेंग्यूवर केलेलं काम २०२५च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालं. पावसाळ्यात सरासरी तापमान २७ अंशांच्या वर, आर्द्रता ६० ते ७८ टक्के आणि पाऊस मध्यम, विखरून पडलेला, ही पुण्यात डेंग्यूला पोषक स्थिती. उलट एका आठवड्यात १५० मिलीमीटरहून जास्त कोसळला तर अंडी-अळ्या वाहून जातात आणि रोग कमी होतो, असं त्यांना आढळलं. दोन महिन्यांहून आधी इशारा देता येईल, असं त्यांच्या मॉडेलचं म्हणणं आहे. इतकं नेमकं काम मराठी मुलखातल्या शहरावर झालं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण पुण्याचे आकडे आमच्या शहराला जसेच्या तसे लावता येणार नव्हते. ते का, हे मला संगणकासमोर कळलं नसतं.

कीटक विभागाच्या एका मुकादमांबरोबर मी कंटेनर सर्व्हेला जाते. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. सकाळी आठच्या आत निघायचं, कारण नंतर बायका कामाला गेलेल्या असतात आणि दारांना कुलुपं. हातात बॅटरी, खांद्याला ॲबेट या अळीनाशकाची बाटली आणि एक प्लास्टिकचा पांढरा कप. घरातलं प्रत्येक पिंप, रांजण, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचं टायर बघायचं. शंभर घरांत किती घरांत अळ्या मिळाल्या तो हाउस इंडेक्स. शंभर घरांमागे किती भांड्यांत मिळाल्या तो ब्रेटो इंडेक्स. अण्णा पिंपावर आधी नुसता बॅटरीचा उजेड टाकतात, हलवत नाहीत, कारण सावली पडली की अळ्या बुडी मारतात. मग कप तिरका करून कडेने पाणी घेतात.

अशीच एक एप्रिलची सकाळ. पावसाचा पत्ता नाही, ऊन तापलेलं, आमच्या मॉडेलप्रमाणे डेंग्यूला या महिन्यात फारसं काही करता येऊ नये. गल्लीत दर तिसऱ्या दिवशी पाणी. प्रत्येक दारात दोन-तीन निळी पिंपं, काहींवर पत्रा, काहींवर नुसती जुनी साडी. अण्णांनी एका पिंपातलं पाणी खाली गेलेलं होतं तिथे, आतल्या भिंतीवर, ओल्या रेषेच्या जरा वर, बोट फिरवून मला दाखवलं. बोटाला काळसर बारीक कण लागले, राईच्याही किती बारीक. "ही अंडी, ताई. पाणी संपलं तरी ही मरत नाहीत. महिनोन् महिने कोरडी राहतील. पिंप भरलं की परत सुरू. म्हणून ओतून भागत नाही, घासावं लागतं."

त्यांनी त्या घरच्या काकूंना तेच सांगितलं: आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, पिंप रिकामं करा, काथ्याने घासा. काकू शांतपणे म्हणाल्या, "दादा, पाणी उद्या नाही, परवा आहे. आज ओतलं तर उद्या भांडी कशानं घासू? तुम्ही आणून देता का?" अण्णांनी उत्तर दिलं नाही. पिंपात ॲबेटचं माप टाकलं, दारामागे खडूने तारीख लिहिली आणि पुढच्या घरी गेले.

आमच्या मॉडेलमध्ये पाणी आकाशातून येत होतं. त्या गल्लीत ते नळातून येत होतं, आणि तेही एका वेळापत्रकाने. एडिसला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. ते पावसाने साठलं की टंचाईने, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ते वेळापत्रक कुठे मिळेल म्हणून विचारत गेले, तर कार्यालयात छापील काही नव्हतं. मिळालं ते पाणी सोडणाऱ्या चावीवाल्यांकडे, त्यांच्या खिशातल्या छोट्या वह्यांत: कुठला व्हॉल्व्ह कुठल्या दिवशी किती वाजता उघडला. आमच्यातल्या एका मुलीने त्या वह्यांचे फोटो काढले आणि महिनाभर बसून ते आकडे संगणकात भरले. उपग्रहाकडून येणारा पाऊस आम्हाला क्षणात मिळतो. हा रकाना कुठलाच उपग्रह देणार नव्हता.

आता यंत्राकडे येते. समीकरणांचं मॉडेल एकीकडे चालू होतंच. त्याच्या जोडीला तरुण मंडळींनी मशीन लर्निंगचं मॉडेल उभं केलं. यात डासाबद्दल काहीच सांगायचं नसतं. पाऊस, तापमान, आर्द्रता, प्रभाग, वर्षातला आठवडा, मागच्या आठवड्यांचे रुग्ण, असे रकाने द्यायचे, पुढच्या आठवड्यांत खरोखर किती रुग्ण आले ते द्यायचं, आणि यंत्राने आपणहून संबंध शोधायचा. आलेख आला तो डोळ्यांचं पारणं फेडणारा होता. यंत्राला न दाखवलेल्या वर्षावरही भाकीत खऱ्या आकड्यांच्या अगदी जवळून जात होतं. चढ तिथे चढ, खाच तिथे खाच. मुलं खूश होती, आणि त्यांचं कौतुक वाटावं असंच काम होतं.

अशा वेळी एक तपासणी आम्ही ठरवून करतो. एकेक रकाना घ्यायचा आणि त्यातले आकडे विस्कटून टाकायचे: जूनचा पाऊस जानेवारीत, गेल्या वर्षीचं तापमान या वर्षी. मग त्याच यंत्राकडून पुन्हा भाकीत घ्यायचं. तो रकाना खरंच कामाचा असेल तर भाकीत कोसळायला हवं. आम्ही पाऊस विस्कटला. भाकीत जागच्या जागी. तापमान विस्कटलं, आर्द्रता विस्कटली. रेषा हलली नाही. मागच्या आठवड्यांचे रुग्ण आणि आठवड्याचा क्रमांक हे दोन विस्कटले तेव्हा मात्र सगळं मोडून पडलं. म्हणजे ज्या यंत्राला आम्ही हवामान आणि डास शिकवायला निघालो होतो, त्याने दुसरंच काही शिकून घेतलं होतं.

काय शिकलं होतं, ते शोधायला मी महापालिकेच्या नोंदवह्या मागून घेतल्या आणि आमच्या डॉक्टरांबरोबर रक्ताचे नमुने जिथे जातात त्या प्रयोगशाळेत गेले. डेंग्यूची सरकारी खातरजमा एलायझा तपासणीने होते. दवाखान्यात पट्टीवर केलेल्या झटपट तपासणीने रुग्ण फक्त संशयित ठरतो. एलायझाची प्लेट म्हणजे तळहाताएवढी प्लास्टिकची चौकोनी ताटली, तिला ९६ खळगे. एका खळग्यात एक नमुना, काही खळगे तुलनेसाठी राखलेले. दिवसाला आठ-दहा नमुने येत असतील तर तेवढ्यासाठी प्लेट लावणं परवडत नाही. किट मोजकी असतात. म्हणून बरेचसे नमुने जमेपर्यंत थांबायचं. तिथल्या टेक्निशियन बाई फ्रिज उघडून मला नळ्यांचा रॅक दाखवत म्हणाल्या, "हे सोमवारपासूनचे आहेत. परवा लावू." त्यांचं काही चुकत नव्हतं. पण नोंदवहीत रुग्णांचा आकडा वाढत होता तो प्लेट लागली त्या दिवशी. ऑगस्टमध्ये नमुने भराभर जमतात, प्लेटा पटापट लागतात. गणपतीत आणि दिवाळीत नमुनेच कमी येतात, मग सुट्टी संपली की ढीग. यंत्राने हा सगळा ताल अचूक पकडला होता. त्याने प्रयोगशाळेचं कामाचं कॅलेंडर पाठ केलं होतं, आणि गेल्या वर्षीचं कॅलेंडर यंदाही बरंचसं तसंच असल्याने भाकीत जुळत होतं.

यात नवल काही नाही, आणि फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. २०१८मध्ये अमेरिकेत न्यूमोनिया ओळखणाऱ्या यंत्राचा अभ्यास झाला. छातीचा एक्सरे कुठल्या रुग्णालयातला आहे, हे ते यंत्र जवळजवळ बिनचूक ओळखत होतं आणि ज्या रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण जास्त तिथला एक्सरे दिसला की तसं निदान करण्याकडे झुकत होतं. दुसऱ्या ठिकाणचे एक्सरे दिले की गडबडत होतं. कोविडच्या पहिल्या वर्षात एक्सरे आणि सीटी स्कॅनवरून निदान करणाऱ्या यंत्रांवर दोन हजारांहून अधिक निबंध आले. केंब्रिजच्या गटाने ते चाळले, ६२ निबंध बारकाईने तपासले, आणि त्यांतलं एकही यंत्र रुग्णांवर वापरण्याजोगं नाही, असा निष्कर्ष २०२१मध्ये छापला. त्यांना दिसलेल्या दोषांतला एक सांगते. कोविड नसलेल्या एक्सरेंचा जो संच अनेकांनी वापरला तो लहान मुलांचा होता. कोविडचे एक्सरे मोठ्यांचे. यंत्र मूल आणि मोठं माणूस यांतला फरक शिकत होतं आणि निबंधात त्याला कोविडचं निदान म्हटलं जात होतं. गूगलच्या फ्लू ट्रेंड्सचंही तेच झालं. लोकांच्या शोधशब्दांवरून फ्लूचा अंदाज बांधणारी ती सेवा २००८ला सुरू झाली, आणि २०१२-१३च्या हिवाळ्यात तिचा अंदाज खऱ्याच्या जवळपास दुप्पट निघाला. ती फ्लूबरोबर हिवाळाही शिकली होती.

आमचा अहवाल महापालिकेत मांडायची वेळ आली तेव्हा तिथले आरोग्याधिकारी, कामसू आणि सरळ माणूस, आलेख बघून म्हणाले, "मॅडम, गेल्या वर्षाशी जुळतंय ना? मग द्या की. आम्हाला जुळण्याशी मतलब." त्यांचं म्हणणं मला पटकन खोडता येण्यासारखं नव्हतं. पुढच्या आठवड्यात नोंदवहीत किती आकडा येईल एवढंच हवं असेल, तर यंत्र तो देत होतं. अडचण तो आकडा घेऊन पुढे काय होणार याची आहे. त्या आकड्यावर फवारणीची माणसं हलतात. ॲबेट वाटलं जातं. धुराची गाडी एका प्रभागातून काढून दुसऱ्याकडे नेली जाते. आणि नोंदवहीत आकडा कुठला जास्त? ज्या प्रभागात खाजगी दवाखाने जास्त, लोक दुसऱ्या दिवशी ताप उतरला नाही की रक्त तपासून घेतात, तिथला. काकूंच्या गल्लीत ताप आला की क्रोसिन घेऊन कामावर जातात. रोज बुडवायला परवडत नाही. नमुना नाही म्हणून रुग्ण नाही. रुग्ण नाही म्हणून यंत्राच्या लेखी धोका नाही. धोका नाही म्हणून अण्णांच्या माणसांतली दोन माणसं तिथून काढायची. पुढच्या वर्षी तिथली नोंद आणखी कमी, आणि यंत्राचा विश्वास आणखी पक्का. हे मी अधिकाऱ्यांना फळ्यावर बाण काढून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे जिथे माणूस तपासायला जात नाही, तिथे आम्हीही जायचं नाही, असं हे मशीन सांगणार." मला इतकं थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

माझा यंत्रशिक्षणाला विरोध नाही. ते हाताशी आहे म्हणूनच आज एवढ्या प्रभागांचा, एवढ्या वर्षांचा डेटा एकत्र बघता येतो. चावीवाल्यांच्या वह्यांतल्या वेळा आणि घरोघरच्या अळ्यांचे आकडे यांच्यातला संबंध आम्हाला त्यानेच दाखवला, आणि तो विस्कटण्याच्या तपासणीत टिकला. पण निदान आरोग्याच्या कामात, यंत्र काय शिकलं हे सांगता येईपर्यंत त्याचं भाकीत कुणाच्या दारी नेऊ नये, असं माझं ठाम मत झालं आहे. जुळणं हा पुरावा कमी पडतो. मुंबईचा आलेखही जुळला होता.

सध्या आम्ही मॉडेलचे दोन मजले केले आहेत. खालच्या मजल्यावर डास, पाणी, तापमान आणि माणसं, जुन्याच पद्धतीच्या समीकरणांत. इथे किती जणांना खरोखर लागण झाली असेल याचा अंदाज. वरच्या मजल्यावर त्यांतले किती जण दवाखान्यात गेले, कितींचं रक्त घेतलं, प्लेट कधी लागली, याचं यंत्राने शिकलेलं गणित. नोंदवहीतला आकडा दोन्ही मजले पार करून येतो. याने भाकिताची रेषा पूर्वीइतकी सुबक राहिलेली नाही, तिच्या दोन्ही बाजूंना अनिश्चिततेचा जाड पट्टा आला आहे, आणि मुलांना त्याचं वाईट वाटतं हे मला दिसतं. पण आता काकूंच्या गल्लीचा आकडा शून्य येत नाही. तिथे तपासण्या नाहीत, एवढं मॉडेलला कळतं आणि ते पट्टा रुंद करून तसं सांगतं. जिथे पट्टा सर्वांत रुंद, तिथे आधी सर्व्हे, असा नियम अधिकाऱ्यांनी मान्य केला. शिवाय पावसाळ्याआधी आमचं भाकीत आम्ही लिहून, तारीख घालून त्यांच्याकडे जमा करतो, म्हणजे नंतर कुणाला त्यात हात घालता येऊ नये, आम्हालाही.

एक गोष्ट मात्र कुठलंच मॉडेल भरून काढू शकत नव्हतं. नोंदवहीत नमुना घेतल्याची तारीख होती, निकालाची होती, ताप कधी सुरू झाला ती नव्हती. ताप आल्यावर माणूस पाचव्या दिवशी येतो, नमुना आठवडाभर थांबतो, निकाल लागून फवारणीचं पथक त्याच्या घरी पोचेपर्यंत दोन-दोन आठवडे जातात. डासाची एक नवी पिढी तेवढ्यात उडू लागलेली असते. तापाची तारीख असेल तर गणितातली सगळी घड्याळं एका वेळेवर लावता येतात. आरोग्य केंद्रातल्या एका सिस्टर हे आमच्या आधीपासून करत होत्या: रुग्णाला विचारून समासात पेन्सिलीने तापाचा पहिला दिवस लिहायच्या. त्यांचं तेवढं एक केंद्र आमच्या सगळ्या डेटात सर्वांत विश्वासाचं निघालं.

मग रकाना छापून घ्यायच्या मागे लागले. वहीच्या पानाची रुंदी ठरलेली, रकाने ठरलेले, नवा घालायचा तर जुना कुठला अरुंद करायचा यावर दोन बैठका झाल्या. शेवटी 'शेरा' हा रकाना अर्धा करायचं ठरलं, कारण त्यात कुणी फारसं लिहीत नाही. आशाताईंची आणि सिस्टरांची बैठक घेऊन प्रश्न कसा विचारायचा तेही ठरवलं. 'ताप किती दिवस आहे' असं विचारलं की लोक अंदाजे 'तीन-चार दिवस' सांगतात. 'पहिल्यांदा कणकण वाटली तो वार कुठला, त्या दिवशी कामावर गेला होतात का' असं विचारलं की नेमकं आठवतं. ही सूचना एका आशाताईंचीच.

नव्या वह्या छापून केंद्रांवर गेल्या आहेत. या पावसाळ्याच्या नोंदी आल्या की पहिल्यांदा तापाच्या तारखेवर मॉडेल चालवायचं, आणि चालवलं की लगेच पावसाचा रकाना विस्कटून बघायचा.